लग्नाची डीव्हीडी पेन ड्राइव्हवर घेताना: रेझोल्यूशन किती, कोडेक कोणता?

मुंबईतल्या बऱ्याच मराठी घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात डीव्हीडींचा एक डबा असतो. लग्नाच्या दोन-तीन डिस्क, मुंजीची एक, कुणी कॅमेरा लावून चित्रित केलेला हौशी नाट्यप्रयोग आणि आवडीने विकत घेतलेले जुने सिनेमे. इमारत पुनर्विकासाला निघाली, आवराआवर सुरू झाली की तो डबा खाली उतरतो, आणि त्या डिस्क लावायला घरात काहीच उरलेलं नाही हे तेव्हा कळतं. दमट हवेने काही डिस्कवर डागही पडलेले असतात. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणता येतो, आणि डिस्कवरच्या चित्रणाची फाइल करून देणारं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इथवर सगळं सोपं. अवघड होतं ते हँडब्रेकची खिडकी उघडल्यावर. रेझोल्यूशन (चित्रात ठिपके किती), कोडेक (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत), बिटरेट (सेकंदाला किती बिट खर्च करायचे), प्रीसेट (तयार सेटिंग) असे ढीगभर पर्याय समोर येतात, आणि ‘जास्त तेच चांगलं’ म्हणून लोक १०८०पी निवडून मोकळे होतात. फाइल भली मोठी होते, चित्र मात्र पहिल्यापेक्षा वाईट दिसतं.

या सेटिंगमधलं एक तत्त्व लक्षात ठेवलं तर निम्मा गोंधळ संपतो. डिस्कवर जेवढं चित्र आहे तेवढंच ठेवायचं. ते वाढवायचं नाही, घटवायचंही नाही. आपलं काम त्याचा आकार नीट ठेवणं, हलत्या कडांवरचे दाते काढणं आणि दर्जाचा एक योग्य आकडा निवडणं, एवढंच आहे.

त्याआधी कायद्याबद्दल थोडं. विकत घेतलेल्या सिनेमांच्या बऱ्याच डिस्कना कॉपी होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं, त्यानुसार हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा आहे. हँडब्रेक स्वतः कुलूप उघडत नाही. मी पुढे लिहिणार आहे ते घरच्या चित्रणाबद्दल आणि कुलूप नसलेल्या डिस्कबद्दल. त्याच डिस्क सगळ्यात मोलाच्या आहेत, कारण त्या दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत.

डिस्कवर नेमकं काय आहे

आपल्याकडचं टीव्ही प्रसारण पाल पद्धतीचं होतं, त्यामुळे इथे शूट झालेल्या लग्नांच्या डिस्क बहुतेक पाल असतात: रुंदीत ७२० ठिपके, उंचीत ५७६, सेकंदाला २५ चित्रं. सिनेमांच्या अनेक डिस्क मात्र परदेशातले ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून एनटीएससी पद्धतीने काढलेल्या असतात: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपली कोणती आहे ते व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की लगेच दिसतं.

ही चित्रं डिस्कवर एमपेग-२ या कोडेकने कॉम्प्रेस केलेली असतात. पालचं न दाबलेलं चित्र ठेवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट लागतात. दोन तासांचा कार्यक्रम ४.७ जीबीच्या एका डिस्कवर बसवायचा तर आवाजासकट सेकंदाला सव्वापाच मेगाबिटच हाती येतात. म्हणजे चित्र आधीच पंचवीसएकपट दाबलेलं आहे. त्यात जे बारकावे गेले ते गेले. आता आपण त्या दाबलेल्या चित्राला पुन्हा दाबणार. ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे, त्यामुळे मोठा कागद घेऊन अक्षरं स्पष्ट होत नाहीत, आणि लहान कागद घेतला तर होती तीही जातात.

म्हणून १०८०पी नको. हँडब्रेक तसं करतं तेव्हा मधले ठिपके अंदाजाने भरतं, आणि त्या अंदाजाने भरलेल्या ठिपक्यांवर बिट खर्च करतं. टीव्ही लावल्यावर टीव्हीसुद्धा चित्र पडद्याएवढं ताणतोच, आणि ते काम तो फुकटात करतो. ‘अलाउ अपस्केलिंग’ या चौकोनात खूण असेल तर काढून टाका.

चित्र लहान करण्याचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो: ६४० करा, ५१२ करा. तो सल्ला ७०० एमबीच्या सीडीच्या काळातला आहे. दोन तासांचा सिनेमा एका सीडीवर बसवायचा तर आवाज धरून सेकंदाला साधारण ८०० किलोबिट मिळायचे. त्या काळच्या डिव्हएक्स आणि एक्सव्हिड कोडेकना तेवढ्यात पूर्ण चित्र झेपायचं नाही, म्हणून ठिपकेच कमी करावे लागत. त्या वेळी ते शहाणपणाचं होतं. आज पेन ड्राइव्ह ६४ जीबीची असते आणि कोडेक कितीतरी सुधारलेत, तेव्हा ५७६ ओळी जशाच्या तशा ठेवायला काहीच हरकत नाही.

ताम्हन गोल दिसतंय का?

७२० बाय ५७६ हा आकडा भागून पाहिला तर ५:४ असा आकार येतो. पण तुमचा टीव्ही ४:३ तरी असतो किंवा १६:९ तरी. डीव्हीडीवरचे ठिपके चौरस नसतात, हे याचं कारण. चित्र आडवं आक्रसून ठेवलेलं असतं, आणि सोबत एक सूचना असते: दाखवताना मला ४:३ इतकं (किंवा १६:९ इतकं) ताणा. डीव्हीडी प्लेअर ती सूचना इमानेइतबारे पाळायचा. एमपी४ फाइलमध्येही तीच सूचना ठेवता येते, आणि हँडब्रेकचं ‘अ‍ॅनामॉर्फिक: ऑटोमॅटिक’ हेच करतं. कॉम्प्युटरवर आणि फोनवर ते व्यवस्थित चालतं. काही टीव्ही मात्र पेन ड्राइव्हवरची फाइल लावली की ही सूचना वाचतच नाहीत. मग १६:९ मधली नवरी काटकुळी दिसते आणि नवरदेवाचा फेटा नको तेवढा उंच.

ज्यांना फाइल टीव्हीवरच पाहायची आहे त्यांनी अ‍ॅनामॉर्फिक बंद करावं आणि चौरस ठिपक्यांचं चित्र करून घ्यावं. पालच्या ४:३ डिस्कसाठी ७६८ बाय ५७६, १६:९ साठी १०२४ बाय ५७६. एनटीएससीसाठी अनुक्रमे ६४० बाय ४८० आणि ८५४ बाय ४८०. काळ्या पट्ट्या कापल्या तर हे आकडे त्या प्रमाणात कमी होतील. एक गोष्ट डोळ्यांनी तपासा: उंची तेवढीच राहिली पाहिजे. सॉफ्टवेअरने रुंदी ७२० वर अडवून उंची ४०४ वर आणलेली दिसली, तर आकडे हाताने भरा. नाहीतर नकळत ओळींचा तिसरा हिस्सा वाया जातो.

आकार बरोबर आला की नाही हे ओळखायला मोजपट्टी पुरते. लग्नाच्या चित्रणात कुठे ना कुठे ताम्हन किंवा ताट कॅमेऱ्याकडे तोंड करून धरलेलं असतं. तिथे चित्र थांबवा आणि पडद्यावर त्याची रुंदी आणि उंची मोजा. ताट जरा कललेलं असेल म्हणून थोडा फरक चालेल, पण लंबगोल स्पष्ट दिसत असेल तर ४:३ आणि १६:९ यांची कुठेतरी गल्लत झालेली आहे.

वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर त्या कापाव्यात. हँडब्रेक ते आपोआप करतं. जुन्या सिनेमास्कोप सिनेमांच्या काही डिस्कमध्ये या पट्ट्या ४:३ च्या चित्रातच भरलेल्या असतात. तिथे ५७६ पैकी खरं चित्र जेमतेम ३२७ ओळींचं असतं. अशा सिनेमाची फाइल लहान झाली तर घाबरू नका, तेवढंच चित्र होतं. लग्नाच्या चित्रणात मात्र आपोआप कापणीवर विसंबू नये. अंधाऱ्या हॉलमधले काळे कोपरे पट्ट्या समजून कापले जाऊ शकतात.

कंगव्याचे दाते

लग्नाच्या डिस्क बिघडतात त्या सगळ्यात जास्त इथे. जुने व्हिडिओ कॅमेरे एका सेकंदात पन्नास अर्धी चित्रं टिपायचे. एकदा विषम ओळी, नंतर सम ओळी, पुन्हा विषम. दोन अर्धी जोडून एक पूर्ण चित्र. याला इंटरलेसिंग म्हणतात. जुन्या नळीच्या टीव्हीवर हे सुरेख दिसायचं, कारण तो टीव्हीही तसाच ओळीआड ओळ रंगवायचा. आजचा पडदा एका वेळी अख्खं चित्र दाखवतो. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर आहे, तेवढ्या वेळात हात हलला की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते उमटतात.

ते पाहायचं असेल तर व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस (हे दाते काढण्याची सोय) बंद करा, वरातीतला नाच लावा, थांबवा आणि ई हे बटण दाबत एकेक चित्र पुढे न्या. दाते दिसले तर हँडब्रेकमध्ये फिल्टर्सच्या पानावर डीइंटरलेस सुरू करायलाच हवं. त्यातले यॅडिफ आणि बीडब्ल्यूडीआयएफ हे दोन्ही प्रकार चांगले आहेत. ते न करता फाइल बनवली तर दाते चित्राचा भाग होऊन बसतात, कोडेक त्या बारीक रेघा जपण्यात बिट उधळतो, आणि नंतर ते काढायला गेलं तर चित्र खराब होतं.

इथे आणखी एक निवड आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. नेहमीच्या डीइंटरलेसने सेकंदाला २५ चित्रं मिळतात. ‘बॉब’ हा प्रकार निवडला तर प्रत्येक अर्ध्या चित्राचं एकेक पूर्ण चित्र होतं, म्हणजे सेकंदाला ५०. फाइल मोठी होते. पण कॅमेऱ्याने टिपलेली हालचाल खरोखरच पन्नासची होती, आणि लेझीम, फुगडी, वरात हे सगळं ‘बॉब’मध्ये जसं घडलं तसं अखंड वाहतं. घरच्या चित्रणासाठी मी हाच पर्याय सुचवेन. त्यासाठी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हा आकडा, ‘सेम अ‍ॅज सोर्स’वर हवा. तिथे २५ चा आकडा पक्का करून ठेवला तर ‘बॉब’चा काही उपयोग राहत नाही.

सिनेमाचं गणित वेगळं आहे. सिनेमा फिल्मवर सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. पाल डिस्कवर तो थोडा वेगात, २५ ने चालवलेला असतो, आणि बहुधा त्यात दाते नसतात. मग डीइंटरलेस लावू नका, विनाकारण बारकावे जातील. एनटीएससी डिस्कवर २४ ची ३० करण्यासाठी काही अर्धी चित्रं पुन्हा वापरलेली असतात. एकेक चित्र पुढे नेलं की तीन स्वच्छ, दोन दातेरी, पुन्हा तीन स्वच्छ असा ठेका दिसला तर ती हीच डिस्क. तिथे डीइंटरलेसऐवजी ‘डीटेलिसिन’ लावायचं, म्हणजे जादा भरती निघून मूळ २४ उरतात.

कोडेक, आणि अक्षतांचा तो एक मिनिट

कोडेक बहुतेक जागा वाचवतो ती पुढच्या चित्राचा अंदाज मागच्या चित्रावरून बांधून. मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट धरलेला आहे, कॅमेरा तिपाईवर, मागचा फुलांचा पडदा जागचा हलत नाही. अशा वेळी ‘मागच्यासारखंच, फक्त भटजींचे ओठ हलले’ एवढंच नोंदवलं की भागतं. मग ‘शुभमंगल सावधान’ होतं आणि चारी बाजूंनी अक्षता येतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि मागच्या चित्रात त्यांचा मागमूस नाही. त्यातच फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो आणि एका क्षणासाठी अख्खं चित्र पांढरं होतं. अंदाज कोसळतो. या काही सेकंदांना शांत मंगलाष्टकांच्या कित्येक पट बिट लागतात.

बिटरेट सेकंदाला ठरावीक ठेवला, तर मंगलाष्टकांवर बिट वाया जातात आणि अक्षतांच्या वेळी कमी पडतात. नेमक्या त्या क्षणी नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. म्हणून बिटरेट ठरवूच नये, दर्जा ठरवावा. हँडब्रेकमध्ये याला ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ म्हणतात आणि त्याचा आकडा आरएफ या नावाने दिसतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा सीआरएफ. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्रासाठी एच.२६४ कोडेकवर १८ ते २२ ही ठीक मर्यादा आहे. आकडा सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते.

अख्खी डिस्क रात्रभर लावून सकाळी पस्तावण्यापेक्षा अक्षतांचा एक मिनिट निवडा. हँडब्रेकमध्ये सुरुवात आणि शेवट सेकंदांत देता येतो. तो मिनिट १८, २०, २२ आणि २४ वर काढा. मोठ्या टीव्हीवर, नेहमीच्या अंतरावर बसून चारही पाहा. शालूची जर आणि केसांतला गजरा यांकडे लक्ष द्या. फरक पहिल्यांदा तिथे दिसतो, चेहऱ्यावर नंतर. ज्या आकड्याला गजऱ्याची फुलं एकमेकांत मिसळायला लागतात त्याच्या दोन आकडे अलीकडे थांबा. मला स्वतःला २० बहुतेक वेळा पुरेसा वाटतो. दोन तासांचा स्वच्छ सिनेमा या आकड्यावर साधारण एक ते दीड जीबीत बसतो. लग्नाचं हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण, त्यातही ‘बॉब’ केलेलं, बरंच जास्त घेईल. घेऊ द्या.

आता कोणता कोडेक? एच.२६४ हा २००३ चा, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हा २०१३ चा, आणि एव्ही१ २०१८ चा. नवा कोडेक त्याच दर्जाला कमी जागा घेतो हे खरं. पण एचईव्हीसीचा मोठा फायदा त्याच्या मोठ्या चौकोनांतून येतो, आणि तो फोर-के चित्रात जास्त दिसतो. ५७६ ओळींच्या चित्रात बचत त्या मानाने थोडी. त्या थोड्या बचतीसाठी गावाकडच्या काकांच्या दहा वर्षं जुन्या टीव्हीवर फाइल चालणारच नाही, हा सौदा मला पटत नाही. लग्नाचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरणार आहे, आणि एच.२६४ सगळीकडे चालतो. डिस्कचं मोठं कपाटच असेल आणि पाहणारे फक्त तुम्हीच, तर एचईव्हीसी घ्या. मात्र त्याचा दर्जाचा आकडा एच.२६४ च्या आकड्याशी जुळत नाही, चाचणी पुन्हा करावी लागेल.

प्रीसेट ‘स्लो’ ठेवा. कोडेकला विचार करायला जास्त वेळ मिळतो आणि तोच दर्जा कमी जागेत बसतो. यादीत ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने चालणारे पर्यायही दिसतील. ते झपाट्याने काम संपवतात, पण त्याच दर्जासाठी सहसा मोठी फाइल करतात. डीव्हीडीचं चित्र लहान असल्याने साध्या लॅपटॉपलाही ‘स्लो’ जमतं.

हौशी नाट्यप्रयोगाच्या डिस्कबाबत एक खास गोष्ट. रंगमंच अंधारा असतो, प्रकाशाचा एक झोत नटावर. कोडेक अंधाऱ्या भागाला कमी महत्त्व देतो आणि काळ्या पडद्यावर चौकोन सरकताना दिसतात. इथे आकडा १८ करा, आणि जादा पर्यायांच्या रकान्यात aq-mode=3 असं लिहा, त्याने अंधाराला जास्त बिट मिळतात. कॅमेरा एकाच जागी असल्याने फाइल तरीही फुगत नाही. उलट हळदीचं रात्रीचं शूटिंग असेल तर सगळ्या चित्रावर दाणे वळवळताना दिसतात. कोडेक त्यांनाही अक्षताच समजतो. तिथे हे दाणे पुसणारा डीनॉइझ फिल्टर ‘लाइट’वर लावावा. त्यापुढे जाऊ नका, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जातील. सिनेमाच्या फिल्मचे दाणे हा चित्राचाच पोत आहे, त्यांना हात लावू नये.

आवाज, अक्षरं आणि बाकीचं

आवाजात कंजुषी करण्यात अर्थ नाही. डिस्कवरचा आवाज एसी-३ या प्रकारचा असेल तर ‘पासथ्रू’ करून जसाच्या तसा ठेवा. १९२ किलोबिटचा आवाज दोन तासांना १७३ एमबीच घेतो. टीव्हीला एसी-३ कळत नसेल तर आवाज एएसी या प्रकारात, १६० किलोबिटचा करा. काही डिस्कवर न दाबलेला पीसीएम आवाज असतो, तो दोन तासांत १.४ जीबी खातो. त्याचा एएसी जरूर करा.

डीव्हीडीवरची सबटायटल्स ही अक्षरं नसून चित्रं असतात. ती हवी असतील तर फाइल एमकेव्ही प्रकारची करा. नको असतील तर एमपी४.

डिस्कवरचं चित्रण एक-एक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असतं. तुकडे एकेक करून हँडब्रेकला देऊ नका, जोडावर आवाज तुटतो. अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या, म्हणजे ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘वरात’ असे प्रकरणांचे टप्पेही शाबूत राहतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जाणार नाही. टीव्ही वाचत असेल तर ती एक्सफॅट करून घ्या.

डब्यात व्हीसीडीही निघतील. त्यांचं चित्र ३५२ बाय २८८, एमपेग-१ मधलं. त्यांना अजिबात पुन्हा कॉम्प्रेस करू नका. त्यातल्या डीएटी फाइल तशाच उतरवून घ्या. व्हीएलसी त्या लावतं.

शेवटी एक आग्रह, आणि तो लग्नाच्या डिस्कपुरता. वर सांगितलेली फाइल पाहण्यासाठी आहे, जपून ठेवण्यासाठी नाही. जपायला डिस्कची आयएसओ प्रत घ्या, म्हणजे एकही बिट न बदललेली अख्खी नक्कल. एकपदरी डिस्कच्या दोनशेहून जास्त प्रती एक टीबीच्या हार्ड डिस्कवर मावतात, घरातल्या एका डब्याला ती पुरून उरते. आणखी दहा वर्षांनी दाते काढायची याहून चांगली पद्धत निघाली, तर तिला हीच प्रत लागेल. आधी आयएसओ घ्या, मग हँडब्रेकला डिस्कऐवजी ती आयएसओच द्या. ड्राइव्हला एकदाच वाचावं लागतं, आणि डाग पडलेल्या डिस्कला तेवढंच झेपतं.